कवड्याचं आवतन

ताई, कवड्या आला की नाही, तेवढं तरी सांगून जायचं होतं.

बाकी कशाचा बोल मी तुम्हाला लावत नाही. जाणं काही तुमच्या हातात नव्हतं. पण पाच वर्षांच्या पोरीला गोष्टीतल्या नदीच्या काठावर उभं केलंत, पलीकडून बैलाच्या घुंगराचा आवाज ऐकवलात आणि "बस, आता उद्या," असं म्हणून जी कूस बदललीत ती बदललीतच. दुसऱ्या दिवशी पोळा होता. आरू तुमच्याआधी उठली. मी तुमचा चहा घेऊन खोलीत आले तर ती तुमच्या उशाशी बसलेली, ओठांवर बोट. "आई, हळू. आत्या झोपून राह्यली." मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कप कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही. आरूला उचललं, तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं आणि तशीच शेजारी नेऊन ठेवली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, कारण मी तिला वळू दिलं नाही.

त्या दिवशी गावानं तुमच्यासाठी पोळ्याचं तोरण उशिरा बांधलं. आपली जोडी कोठ्यातच राहिली, ना झूल, ना शिंगांना रंग. सगळ्या गावाचे बैल पुरणपोळी खाऊन आले, आपले कडबा चघळत उभे होते.

तेव्हापासून आरू झोपेना. म्हणजे कधीतरी भिंतीला टेकून बसल्या बसल्या मान टाकायची, पण अंग टाकायची नाही. दाराकडे तोंड करून बसायची. तुमच्या भावानं तिला सांगितलं, आत्या नागपूरला गेली. शेजारणीनं सांगितलं, देवाच्या घरी गेली. तुमच्या आईंनी काहीच सांगितलं नाही, त्यांचं बोलणंच आटलं होतं. गंमत अशी की पोरीनं आत्या कुठे गेली हे कुणाला विचारलंच नव्हतं. ती एकच विचारायची, ज्याला त्याला, दूधवाल्यालासुद्धा. "कवड्या आला का?"

एकदा मी "आला" म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात ती म्हणाली, "आत्या म्हणे, जो आवतन देते, त्यालेच वाढा लागते." आणि तिनं दाराकडे पाहिलं. आवतन तुमचं, तेव्हा कवड्या आला म्हटलं की वाढायला तुम्हीही येणार, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि नाही आला म्हणायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, "मले माहीत नाही, बेटा." ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच ती गोष्ट कुठेतरी लपवून ठेवली आहे.

तुम्हाला मी किती वेळा बजावलं होतं! आठवतं ना? संक्रांतीच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला लाडवातून निसटलेल्या तिळाची गोष्ट सांगितली. तीळ घरंगळत घरंगळत उंदराच्या बिळाशी आला आणि तुमचं ठरलेलं, "आता उद्या." ती रात्रभर उठून विचारत राहिली, तीळ बिळात पडला का. मला सकाळी कळंबहून यवतमाळची एसटी धरायची, कॉलेजच्या ऑफिसात दहाच्या ठोक्याला हजर व्हायचं. मी भडकले. म्हटलं, "ताई, पुरी सांगा, नाहीतर सांगूच नोका. अर्ध्या गोष्टीनं लेकराची झोप जाते."

तुम्ही दाळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "वंदना, वड्याची दाळ तू कवा भिजू घालते?"

"आदल्या दिवशी."

"मंग गोष्टीले काहून घाई? भिजू दे की. तुही गोष्ट म्हणजे कुकरची शिट्टी."

मी मोबाइलवरून तिला सशाच्या, अस्वलाच्या गोष्टी वाचून दाखवायचे. त्यावरही तुमचं बोट. "तुया सशाच्या घरी सण नसते का वं? नुसता उड्या मारते अन् झोपते." मला हसू यायचं आणि रागही यायचा. राग जास्त. दिवसभर बाहेर राबून मी घरी यावं आणि माझ्याच पोरीनं माझ्या कुशीत न येता तुमच्या गोधडीत घुसावं, हे कोणत्या आईला गोड लागेल? तुम्ही सासर सोडून आलात तेव्हा मी तुम्हाला खोली रिकामी करून दिली होती. माझ्या लेकीची झोप मात्र मी दिली नव्हती, ती तुम्ही घेतलीत. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. आता बोलते आहे तर तुम्ही उलटून बोलायला नाही, हीसुद्धा तुमचीच खोडी.

आणि तरी, ताई, त्या गोष्टी तुम्ही आणायच्या कुठून? दिवाळीला अंधाराला भिणारी पणती. पलीकडच्या बंजारा तांड्यावर तीज बसली, टोपल्यांत गहू पेरले की त्यातला तो आळशी गहू, जो सगळे उगवले तरी "मले झोपू द्या" म्हणायचा. जिवतीला, अखाडीला, जो सण येईल त्याच्या आदल्या दिवशी अर्धी आणि सणाच्या दिवशी उरलेली. अर्धी सांगून झाली की तिच्या खांद्यांवरून हात फिरवून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळताना त्यांना जसं म्हणतात तसंच. मी दारातून ऐकायचे. संसाराचा सगळा थकवा घेऊन उंबऱ्यावर उभी राहायचे आणि गोष्ट थांबली की मलाही आत कुठेतरी हुरहुर लागायची. तीळ बिळात पडला का, हे मलाही हवं होतं. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर तुम्ही जिंकला असता.

कवड्याची गोष्ट मी पूर्ण ऐकली, म्हणजे तुम्ही सांगितली तेवढी. कवड्या आणि लाल्या ही सदा भांडणारी जोडी. आवतनाच्या संध्याकाळी कवड्या दावं सोडवून रानात गेलेला, म्हणून आवतन एकट्या लाल्याला मिळालं. कवड्या मानी. बिनआवतनाचा जेवायला कसा येणार? मग घरातली लहान पोरगी पळसाच्या पानावर लोणी-हळद घेऊन त्याला शोधायला निघते. रान ओलांडते, टेकडी ओलांडते आणि नदीवर येते. नदीला पूर. पलीकडून घुंगरू वाजतं. बस, आता उद्या.

तेरवीच्या दिवशी पाहुण्यांसमोर आईंनी तोंड उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "आजपासून या घरात पोळा नाही. पोळा पडला." सगळ्यांना रीत ठाऊक. ज्या सणाला घरातलं माणूस जातं तो सण त्या घरासाठी पडतो. पुन्हा त्याच सणाला घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली तरच उठतो, नाहीतर पिढ्यान् पिढ्या पडलेलाच. दाराआड आरू उभी होती, पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी आणलेला लाकडी बैल छातीशी धरून. त्याची चाकं अजून जमिनीला लागली नव्हती.

संध्याकाळी तिनं मला विचारलं, "आई, पोळा आता कवाच येणार नाही?"

"आपल्या घरी नाही."

"मंग गोष्ट?"

मी आईंकडे गेले. म्हटलं, पुढच्या वर्षी बैलांना नुसता गोडाचा घास दाखवू, लेकराच्या समाधानासाठी. आई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "माही लेक त्या दिवशी गेली. त्या दिवशी माह्या घरात पुरण शिजन? तुले शिजवाचं तं शिजव, वंदना. पण मंग माह्यासाठी घास टाकू नोको." तुमच्या भावानं मला डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. घरात तीन ठिकाणी तीन जण जागे, आणि मधल्या खोलीत ती पोर दाराकडे तोंड करून.

मला त्या वेळी होळी आठवली. तुम्हालाही आठवत असेल. बापूजी होळीच्या दिवशी गेले, म्हणून आपली होळी पडलेली. आरू जेमतेम बोलायला लागली होती. गल्लीतली सगळी पोरं गाठ्यांच्या माळा घालून फिरत होती आणि ही ओट्यावर भोकाड पसरून बसलेली. तुम्ही तिला उचलून आत नेलं आणि होळीला घाबरून पळालेल्या एका लाकडाची गोष्ट सांगितली. ती तुमची पहिली गोष्ट. आई तणतणत आल्या होत्या. "पडलेला सण कायले उठवून राह्यली, शोभे?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सण पडला, आई. गोष्ट थोडीच पडली?" दुसऱ्या वर्षीपासून होळीच्या संध्याकाळी आई वाती वळायच्या निमित्तानं त्याच खोलीच्या दारात बसायला लागल्या. वाती किती झाल्या, कुणास ठाऊक.

पण हे मी त्या दिवशी आईंना बोलू शकले नाही. लेक गमावलेल्या बाईला तिच्याच लेकीचा दाखला कसा द्यायचा?

दुसऱ्या दिवशी माझी रजा संपली. कामाला गेले, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले तर आई म्हणाल्या, "ओट्यावर खेळून राह्यली." ओट्यावर कुणी नव्हतं. शेजारच्या पोरी भुलाबाईच्या सणाची तयारी करत होत्या, त्यांच्यात नव्हती. एक पोरगी म्हणाली, "आमी बोलावलं होतं, ते म्हणे पोळा अजून झाला नाही, भुलाबाई कशी बसन?" स्वयंपाकघरात गेले. लोण्याच्या भांड्यावरचं झाकण खाली पडलेलं, हळदीचा डबा आडवा, आणि फरशीवर पिवळी बोटं. ती बोटं कोठ्याकडे गेली होती.

कोठ्यात बैल शांत उभे होते. डावीकडच्या बैलाच्या पुढच्या पायावर हळद फासलेली, गुडघ्याच्या जरा वर. खांद्यापर्यंत तिचा हात पोचला नव्हता. कोठ्याचं मागचं फाटक उघडं होतं, आणि त्या फाटकातून वाट सरळ नाल्याकडे जाते.

ताई, मी कशी धावले ते मलाच माहीत. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, नाला सकाळपासून भरून वाहत होता. त्याच नाल्याच्या पलीकडे तुम्हाला नेलं होतं. आणि शेजारच्या घराच्या खिडकीतून तो रस्ता दिसतो, हे मला पळता पळता कळलं. तिला लपवून ठेवली म्हणून मी निश्चिंत होते आणि पोरीनं सगळं पाहिलं होतं. मागून आईंचा आवाज येत होता, "आरू! अवं आरू!" गुडघे धरून चालणारी ती बाई अनवाणी पळत होती.

आरू काठावर होती. काठावर म्हणजे अगदी पाण्याला लागून, ओल्या दगडावर, एका हातात पळसाचं पान. हाक मारावी तर दचकून पाय घसरेल, न मारावी तर पुढचं पाऊल टाकेल. मी जागच्या जागी थिजले. माझा हात आईंनी धरला, की मी त्यांचा धरला, ते ठाऊक नाही. पाण्याचा आवाज इतका की काही ऐकू येऊ नये, पण ती ओरडून बोलत होती, पलीकडे तोंड करून.

"आत्या! आज आवतन घे, उद्या जेवायले ये!"

आणि पान पाण्यात सोडायला ती वाकली. मी दोन ढांगांत जाऊन तिचा दंड पकडला, मागे ओढलं, पाठीत एक रट्टा घातला आणि मग उराशी आवळून खालीच बसले. ती रडली नाही. म्हणाली, "मले पाण्यात जायचंच नव्हतं. गोष्टीतली पोरगी कुठं गेली पाण्यात?" त्या क्षणी, ताई, तुम्ही समोर असता तर मी तुम्हाला सोडलं नसतं. नदी कशाला आणलीत तुम्ही? कवड्या एखाद्या झाडाखाली उभा नसता का राहिला?

आई मात्र उभ्याच होत्या, नाल्याच्या पलीकडे बघत. परतताना वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "पोट्टीनं आवतन देलं ना."

घरी आल्या आणि हात-पाय न धुताच डबा उघडून त्यांनी चण्याची दाळ काढली. मला कळेना. म्हणाल्या, "पोळा नाही हा. पोळा पडला तो पडलाच. पण आवतन देऊन चूल बंद ठेवली तं कोणत्या तोंडानं राहाचं? माह्या बापाच्या घरी असं झालं नाही, अन् या घरी होऊ देणार नाही." मग दाळीत हात घोळवत म्हणाल्या. "शोभाच म्हणे, सण पडते, गोष्ट पडत नाही. तू सांग तिले पुढची."

"मले येत नाही, आई. ताईनं कोणालेच नाही सांगतली."

"मलेही नाही सांगतली," आई म्हणाल्या, आणि तेरवीला जे पाणी त्यांच्या डोळ्यांतून आलं नव्हतं ते आलं.

दुसऱ्या दिवशी साध्या वारी, ना मुहूर्त ना सण, आपल्या घरात पुरण शिजलं. गल्लीला वास गेला असेल. कुणी काही म्हटलं असेल तर म्हणो. आईंनी बैलांना आधी घास दिला, मग एक ताट वाढून तुमच्या खोलीच्या दारात आणून ठेवलं आणि तिथेच बसल्या, वातींचा कापूस घेऊन. आरू तुमच्या गोधडीवर. मी तिच्यासमोर. आता पळायला जागा नव्हती.

मी सांगायला लागले. "पोरगी नदीच्या काठावर उभी राह्यली. पाण्यात नाही गेली, काठावरूनच ओरडली, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. कवड्यानं पलीकडून ऐकलं. मान हालवली. घुंगरू वाजलं."

"मंग आला?"

दारातले हात थांबले.

"नाही आला. नदी लय मोठी होती. त्यानं आवतन घेतलं, पण त्याले येता नाही आलं."

"दुसऱ्या दिवशी आला?"

"नाही."

"पुढच्या पोळ्याले?"

"नाही, बेटा. कवाच नाही. आत्याही नाही येणार. नागपूरले नाही गेली आत्या. मेली."

तो शब्द आपल्या घरात तोवर कुणीही उच्चारला नव्हता. आरूच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही आणि मग तो एकदम चुरगळला. अशी रडली, ताई, अशी रडली की कोठ्यातले बैल हंबरले. मी थोपटत राहिले. आई दारातून सरकत आत आल्या आणि तिचे पाय मांडीवर घेऊन बसल्या. तिघी मिळून रडलो, पोटभर. इतके दिवस जी पोर दगड होऊन बसली होती, ती रडते आहे याचंच मला हायसं वाटलं.

हुंदके ओसरल्यावर तिनं ताटाकडे बोट दाखवलं. "मंग त्याचं जेवण कोणं खाल्लं?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले. "लाल्यानं. त्याच्या जोडीदारानं."

"पण लाल्या तं त्याच्याशी भांडे."

"व्हय."

"आत्या म्हणे, जोडीतले बैल एकमेकाले शिंगं मारतेतच. पण जू एकच असते." तिनं नाक पुसलं, ताट दोन्ही हातांनी ओढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "मंग तू जेव. तुमी दोघी भांडा ना?"

मी आईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तुमच्या वाट्याची पोळी मी तुमच्या अंथरुणावर बसून खाल्ली, ताई. जायफळ जास्त झालं होतं, तुम्हाला आवडतं तसं. आईंनी ते मुद्दाम घातलं असणार.

जेवून हात धुतला तर आरू म्हणते, "उद्या भुलाबाई बसते ना? तिची सांग." आदली संध्याकाळ होती, म्हणजे हक्काची मागणी. मी सुरू केलं. भुलाबाई माहेरी निघाली, वाटेत तिला आठवलं की खिरापतीचा डबा घरीच राहिला. ती माघारी फिरली, दार उघडलं, आणि डब्यातून कुणीतरी आतून टकटक केलं. इथवर आले आणि माझं डोकं थांबलं. डब्यात कोण आहे, मला काही केल्या सुचेना. तुम्हाला दर वेळी पुढचं ठाऊक असायचं, की तुम्हीही अशाच अडून बसायचात आणि त्याला भिजत घालणं म्हणायचात? आता हे कोण सांगणार? मी तिच्या खांद्यांवरून हात फिरवला. म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

आता रडेल, उठून बसेल, दाराकडे तोंड करेल, म्हणून मी सावरून बसले. अर्ध्या गोष्टीनं लेकराची झोप जाते, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. तिनं दाराकडे पाहिलंच नाही. कुशीवर वळली, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, आणि झोपली.